आरसिंक दर वेळी त्याच फाइली पुन्हा पाठवतंय? माझा अनुभव

आरसिंकने (आकार आणि बदलाची वेळ पाहून फक्त बदललेल्या फाइली कॉपी करणारी आज्ञा) मी लिनक्सवरून राउटरला लावलेल्या फॅट32 (डिस्कवर फाइली साठवण्याची जुनी पद्धत) डिस्कवर सांबा माउंटमधून, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरमधून, बॅकअप घेतो. काहीही बदललेलं नसताना निम्म्याच्या आसपास फाइली पुन्हा कॉपी व्हायच्या. घड्याळं जुळवली, केबल बदलली. चेकसम (वेळेऐवजी फाइलीतला मजकूर ताडून पाहणारा पर्याय) लावला, तर प्रत्येक फाइल नेटवर्कवरून वाचली जाऊ लागली. डोकं उठलं होतं.

आधी -एन (काहीही कॉपी न करता) आणि -आय (काय बदललं ते दाखवा) लावून नुसती चाचणी घ्या. बदलाच्या खुणांत फक्त 'टी' दिसला, तर फरक वेळेचाच. मग दोन्हीकडे स्टॅट (फाइलीची वेळ वगैरे दाखवणारी आज्ञा) चालवा. माझ्याकडे मूळ फाइल 10:42:37, प्रत 10:42:36! फॅट वेळ दोन सेकंदांच्या पटीतच साठवतं, म्हणून विषम सेकंदाच्या फाइलीच अडकतात. आता -आरटी (आतली फोल्डरं आणि वेळा कॉपी करा) सोबत --मॉडिफाय-विंडो=1 (एका सेकंदाचा फरक चालवून घ्या) देऊन बॅकअप चालवा (मालकी-परवानग्याही जपू पाहणारा -ए नको, फॅटवर त्या टिकत नाहीत). पुन्हा तीच चाचणी, याच पर्यायांसह. यादी रिकामी येते.