ब्रिटनमध्ये ससे-खारींसाठी एअर रायफल: कॅलिबर निवडताना या चुका टाळा

बंदुकांच्या दुकानात नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हा: "ताकद कशात जास्त, ०.१७७ मध्ये की ०.२२ मध्ये?" (हे आकडे म्हणजे कॅलिबर, नळीचा इंचांतला व्यास.) सगळ्या चुकांची सुरुवात इथेच होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये फायरआर्म सर्टिफिकेटशिवाय (बंदुकीच्या परवान्याशिवाय) ठेवता येणाऱ्या एअर रायफलची नळीच्या तोंडाशी ऊर्जा १२ फूट-पाउंडांच्या, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूलच्या वर जाता कामा नये. कॅलिबर कुठलेही असो, मर्यादा तीच. (स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या ३१ डिसेंबरपासून या मर्यादेखालच्या रायफलीलाही प्रमाणपत्र लागते. उत्तर आयर्लंडचे नियम त्याहून कडक आहेत.) त्यामुळे कॅलिबर बदलून ताकद वाढत नाही. तीच ताकद वेग आणि वजन यांत वेगळी वाटली जाते, एवढेच.

आकडेच पाहा. रायफल साडेअकरा फूट-पाउंडांवर लावलेली आहे असे धरू. ०.१७७ चा ८.४ ग्रेनचा (ग्रेन हे छर्‍याच्या वजनाचे एकक) छर्रा सेकंदाला सुमारे ७८० फुटांनी सुटतो, ०.२२ चा १५.९ ग्रेनचा सुमारे ५७० फुटांनी आणि ०.२५ चा २५.४ ग्रेनचा जेमतेम ४५० फुटांनी. छर्रा जितका हळू, तितका त्याच अंतरात जास्त खाली पडतो.

सर्वात महाग पडणारी चूक: अंतराचा अंदाज

सशाच्या डोळ्या-कानाच्या मधला, मेंदूचा भाग जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरांचा. छर्रा तिथे बसला तर ससा जागच्या जागी संपतो, चुकला तर जखमी होऊन बिळात जातो आणि तिथे हाल होऊन मरतो. म्हणून कॅलिबरची खरी परीक्षा अंतर चुकल्यावर होते.

स्कोप (नेमाची दुर्बीण) नळीच्या साडेचार सेंटिमीटर वर आणि झीरो, म्हणजे छर्रा नेमक्या नेमावर लागतो ते अंतर, ३० मीटरवर असेल, तर ०.१७७ चा छर्रा ३५ मीटरवर साधारण एक सेंटिमीटर आणि ४० मीटरवर तीन सेंटिमीटर खाली लागतो. ०.२२ चा ३५ वर अडीच ते तीन, ४० वर सहाच्या पुढे. म्हणजे ४० मीटरवरचा ससा ३५ वर आहे असे समजून नेम धरला, तर ०.१७७ मध्ये चूक दोन सेंटिमीटरांची होते, ०.२२ मध्ये जवळजवळ चारची. दोन सेंटिमीटरसुद्धा थोडे नाहीत, पण चारमध्ये छर्रा हमखास जबड्यात किंवा मानेत जातो.

यातून आमचे मत असे: उघड्या कुरणात ३० ते ४० मीटरवर ससे टिपायचे असतील आणि अंतर डोळ्यांनीच मोजायचे असेल, तर ०.१७७ घ्या. लेझर रेंजफाइंडर (अंतर मोजायचे यंत्र) खिशात असेल, किंवा जंगलात २५ मीटरच्या आत खारी आणि गोठ्यात उंदीर मारायचे असतील, तर ०.२२ ला तोड नाही. त्याच्या छर्‍याच्या तोंडाचे क्षेत्रफळ ०.१७७ च्या सुमारे दीडपट असते, त्यामुळे ऊर्जा प्राण्याच्या अंगात जास्त उतरते. ०.१७७ जवळून आरपार जातो आणि उरलेली ऊर्जा मागच्या भिंतीला देतो. गोठ्यात मागे दगड-सिमेंट असेल तर छर्रा उसळून परत येऊ शकतो, हेही डोक्यात ठेवा.

०.२५ बारा फूट-पाउंडांत घेऊ नका. जवळून तो ठोसा चांगला देतो, पण त्याच्या वाटेचा वक्र इतका खोल की २५ मीटरपुढे मीटर-मीटरचा हिशेब करावा लागतो. हे कॅलिबर सर्टिफिकेटवरच्या, ३० फूट-पाउंडांच्या वरच्या रायफलींसाठी आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये ०.२५ ची स्तुती दिसते ती याच कारणाने. तिथे ऊर्जेवर अशी देशव्यापी मर्यादा नाही.

झीरो बरोबर आहे, तरी नेम चुकतो

पाच मीटरवरचा उंदीर सुटतो, कारण छर्रा अजून स्कोपच्या रेषेपर्यंत चढलेलाच नसतो. वरच्याच मांडणीत ०.१७७ तिथे अडीच सेंटिमीटर खाली लागतो, ०.२२ सुमारे दीड. नेम तेवढा वर धरा.

झाडावरची खार सुटते तेव्हा छर्रा बहुतेक वेळा वरून जातो. रेंजफाइंडर तिरपे अंतर दाखवतो, छर्रा पडतो तो आडव्या अंतराप्रमाणे. ४५ अंशांत ३० मीटर दिसत असेल तर हिशेब २१ मीटरचा करा.

गट (एकाच नेमावर मारलेल्या छर्‍यांचा पुंजका) अचानक फुटला, म्हणजे पसरला, तर कॅलिबरला दोष देण्याआधी हे तपासा. दस्त्याचे स्क्रू (स्प्रिंगच्या जोरावर चालणाऱ्या रायफलीत ते धक्क्याने ढिले होतात). स्कोपच्या कड्या. मॉडरेटर (नळीच्या तोंडावरचा आवाज कमी करणारा भाग) वाकडा बसून छर्रा आत घासतो का, हे त्याच्या तोंडाशी शिशाची चमक शोधून कळते. मग नळी साफ करा आणि पुन्हा शिसे बसेपर्यंत वीस-तीस छर्रे मारा. स्प्रिंगची रायफल घट्ट धरली तरी गट फुटतो. ती तळहातावर नुसती टेकवायची.

छर्‍याचा डबा

एकाच नावाच्या छर्‍यांत डोक्याचा व्यास ४.५१ आणि ४.५२ मिलिमीटर असे वेगळे मिळतात, ०.२२ मध्ये ५.५१ आणि ५.५२. तुमच्या नळीला कुठला रुचतो हे कागदावरच कळते. प्रत्येक डब्यातून पाच-पाचचे किमान चार गट मारा. जिथपर्यंत पाचही छर्रे १० पेन्सच्या नाण्यात (२४.५ मिलिमीटर) बसतात, ते तुमचे शिकारीचे कमाल अंतर. टेकून नाही, ज्या बैठकीत शिकार करणार त्या बैठकीत.

आकार गोल डोक्याचा घ्या. टोकदार आणि पोकळ टोकाचे छर्रे डब्यावर भारी दिसतात, पण या वेगाला पोकळ टोक फारसे फुलत नाही आणि लांबवर अचूकता मात्र जाते. सपाट डोक्याचे १५-२० मीटरपर्यंत, उंदरांसाठी ठीक.

आता कायद्याच्या कचाट्यात नेणारी चूक. पीसीपी, म्हणजे दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल, जड छर्‍याला साधारण जास्त ऊर्जा देते. स्प्रिंगची बहुधा हलक्या छर्‍याला. रायफल ११.८ वर लावलेली असेल तर नुसता डबा बदलल्याने ती १२ ओलांडू शकते आणि विनापरवाना फायरआर्म ठरू शकते. प्रत्येक नव्या छर्‍याचा वेग क्रोनोग्राफवर मोजा. ग्रेनमधले वजन गुणिले फूट-प्रति-सेकंदातल्या वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०, एवढेच सूत्र. साडेअकराच्या आसपास असेल तर निर्धास्त.

जमीन आणि प्राणी

जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या. छर्रा हद्दीबाहेर गेला तरी गुन्हा होतो. राखाडी खार मारता येते, तांबडी संरक्षित आहे. रानकबुतरांसाठी जनरल लायसन्सच्या (सर्वांसाठी काढलेल्या सरकारी परवान्याच्या) अटी दरवेळी वाचूनच बाहेर पडा. हरणावर एअर रायफल कधीही नाही.

यातले काहीही सुट्टीत गावी आल्यावर करू नका. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससे, खारी, पक्षी यांची शिकार गुन्हा आहे. शिवाय ०.१७७ हून मोठ्या कॅलिबरला किंवा २० ज्यूलच्या वरच्या एअर रायफलीला शस्त्रपरवाना लागतो, त्यामुळे ब्रिटनमधली ०.२२ सामानात टाकून आणायचा विचारही नको.