दुसरा राउटर लावला आणि नेट तुटायला लागलं? आधी या चुका टाळा

वरच्या मजल्यावर रेंज येत नाही म्हणून लोक माळ्यावरचा जुना राउटर काढतात, खालच्या मुख्य राउटरपासून वर लॅनची वायर ओढतात आणि दोन दिवस खूश असतात. मग मला फोन येतो: "नेट येतंय-जातंय." काय केलंत, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "बंद करून चालू केला, आता चालतंय."

बंद-चालू केल्यानं बिघाड जात नाही, पुरावा मात्र जातो. कुठल्या मोबाइलला कुठला आयपी (घरच्या नेटवर्कमधला त्याचा पत्ता) मिळाला होता, कुठल्या पोर्टचा दिवा विझला होता, हे सगळं पुसलं जातं आणि संध्याकाळी पुन्हा तेच रडगाणं. म्हणून नेट तुटलेलं असताना राउटरच्या स्विचला कुणी हात लावायचा नाही, हे मी घरात शिरतानाच सांगतो. पाच मिनिटं धीर धरवत नसेल तर मग मला बोलावू नका.

कुठं तुटतंय हे न बघताच उपाय सुरू करणं

मोबाइलपासून वरच्या राउटरपर्यंत वायफाय, वरच्या राउटरपासून खालच्यापर्यंत वायर, आणि खालच्यापासून पुढं कंपनीची फायबर. या तिघांपैकी कोण रुसलंय ते आधी ठरवा. लॅपटॉप वरच्या वायफायला जोडा, कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडा आणि तिन्हीत पिंग, म्हणजे "आहेस का?" अशी सारखी हाक, लावून ठेवा: एकीत वरच्या राउटरला, दुसरीत खालच्या राउटरला, तिसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला. शेवटी '-टी' (-t) जोडलं की विंडोजमध्ये पिंग थांबत नाही.

वरच्या राउटरचंच उत्तर चुकलं तर वायफायची भानगड. वरचा नीट बोलतोय पण खालचा गप्प झाला, तर वायर किंवा आयपी. दोन्ही राउटर ठणठणीत आणि फक्त ८.८.८.८ गेलं, तर केबलवाल्याला फोन करा, वरच्या राउटरला शिव्या घालू नका. मोबाइलवर तपासत असाल तर मोबाइल डेटा बंद ठेवा, कारण वायफाय अडखळलं की फोन गुपचूप डेटावर जातो आणि तुम्हाला वाटतं सगळं सुरळीत आहे.

दोन्ही राउटरना एकच आयपी

ही माझी आवडती चूक. म्हणजे सर्वांत जास्त डोकं उठवणारी.

एका बंगल्यात मुलगा वरच्या खोलीतून नोकरी करायचा. वडील बँकेतून निवृत्त झालेले, हौशी माणूस. त्यांनी व्हिडिओ बघून दुसरा राउटर स्वतः बसवला होता. त्याचं डीएचसीपी (प्रत्येक उपकरणाला आपोआप आयपी वाटणारी सोय) बंद केलं होतं, वायर लॅन पोर्टमध्ये होती. म्हणजे ऐंशी टक्के काम बरोबर. तरी मुलाचा व्हिडिओ कॉल मध्येच गोठायचा आणि काही वेळानं आपोआप सुरू व्हायचा. "अहो, रेंज फुल्ल आहे, मग नेट का नाही?" हा काकांचा एकच प्रश्न. केबलवाल्याचा माणूस येऊन डबा बदलून गेला होता, तरी फरक शून्य.

मी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं. कंपनीच्या डब्याचं, म्हणजे खालच्या मुख्य राउटरचं, पान उघडलं. थोड्या वेळानं तेच पान ताजं केलं, तर जुन्या राउटरचं लॉगिन समोर! काका म्हणाले, "हे असं अधूनमधून होतंच." तिथंच रोग सापडला होता. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एआरपी -ए' (arp -a) मारलं, म्हणजे कुठल्या आयपीमागं कुठलं उपकरण आहे याची यादी दिसते. १९२.१६८.१.१ समोर जो मॅक ॲड्रेस (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) दिसतो तो खालच्या डब्याचा असायला हवा. काही मिनिटांनी पुन्हा मारलं तेव्हा त्याच आयपीसमोर वेगळाच मॅक होता. वरचा राउटर उलटा केला, खालच्या स्टिकरवरची शेवटची अक्षरं वाचली, तंतोतंत तीच. लॅपटॉप विचारतोय "बाहेर जायचं दार कुठं?" आणि दोन राउटर एकदम "इकडं" म्हणतायत. वरच्याचं ऐकलं की वाट बंद, कारण त्याच्यामागं इंटरनेट नाहीच.

बऱ्याच फायबरच्या डब्यांचा आयपी १९२.१६८.१.१ असतो आणि बऱ्याच जुन्या राउटरचाही तोच. जिओफायबरचा १९२.१६८.२९.१ असतो, काही कंपन्यांच्या राउटरचा १९२.१६८.०.१. म्हणून एकाच्या घरी जे चाललं ते दुसऱ्याकडं चालेलच असं नाही, आणि "माझ्या मेव्हण्याकडं असंच केलंय" याला काही अर्थ नसतो.

माझी पद्धत अशी. दुसरा राउटर मुख्य लाइनला न जोडता फक्त लॅपटॉपला वायरनं जोडायचा. आधी त्याचा लॅन आयपी बदलायचा: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. नव्या आयपीवर पुन्हा लॉगिन करून वायफायचं नाव, पासवर्ड, चॅनल वगैरे भरून घ्यायचं. डीएचसीपी सगळ्यांत शेवटी बंद करायचं. ते आधीच बंद केलं की लॅपटॉपला आयपी मिळत नाही, पान उघडत नाही, आणि उतावळी मंडळी लगेच पिन घेऊन रिसेट दाबतात. मुख्य राउटरचं डीएचसीपी मी १०० ते १९९ एवढंच वाटायला ठेवतो, म्हणजे हा २ नंबर उद्या एखाद्या टीव्हीला दिला जात नाही. आणि राउटरच्या पोटाला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर आयपी मार्करनं लिहितो. लोक हसतात. वर्षभरानं तीच पट्टी शोधतात.

तुमच्या राउटरच्या मेनूत 'ॲक्सेस पॉइंट मोड' (राउटर स्वतः आयपी न वाटता फक्त वायफाय पसरवतो) असेल तर ही सगळी कटकट वाचते, खुशाल तोच निवडा. फक्त मग राउटरचा आयपी बदलतो. जुन्या पत्त्यावर पान उघडेना म्हणून घाबरू नका, मुख्य राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत नवा पत्ता दिसेल.

डीएचसीपी दोन्हीकडं चालू

एका म्यानात दोन तलवारी. मोबाइल आयपी मागतो, ज्याचं उत्तर आधी आलं त्याचा आयपी घेतो. मुख्य राउटरनं दिला तर नेट चालतं, वरच्यानं दिला तर "कनेक्टेड, इंटरनेट नाही". म्हणून हा बिघाड कधी आईच्या फोनवर, कधी टीव्हीवर, आणि हमखास लाइट जाऊन आल्यावर दिसतो, कारण तेव्हा सगळं घर एकदम आयपी मागत असतं. खात्री करायची तर अडलेल्या फोनवर वायफायच्या तपशिलात 'गेटवे' (बाहेर जायच्या दाराचा पत्ता) बघा. तिथं वरच्या राउटरचा पत्ता दिसला की विषय संपला.

आणि हो, रिसेट केलेला राउटर पुन्हा 'मुख्य' होऊन बसतो, डीएचसीपीसकट. घरातल्या लहानग्यांना ते छिद्र आणि टाचणी दोन्ही फार आवडतात.

वायर वॅन पोर्टमध्ये

ॲक्सेस पॉइंट मोड नसताना वेगळ्या रंगाच्या त्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणारं नेट घेण्यासाठीच्या) वायर खोचली की वरच्या मजल्याचं वेगळंच नेटवर्क तयार होतं. नेट चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण जिना चढला की आयपी बदलतो आणि कॉल तुटतो, खालचा प्रिंटर वर सापडत नाही. लॅनमधून लॅनमध्ये. एवढंच.

"दोन्ही टोकांना रंग सारखेच आहेत की!"

वायरवर मी बोलायला लागलो की लोक घड्याळ बघतात, पण पिंगमध्ये मधला टप्पा तुटत असेल आणि आयपी बरोबर असतील, तर नव्वद टक्के वेळा वायरच असते.

एका घरी वायरमननं भिंतीतल्या पाइपमधून नवीकोरी केबल ओढून दिली होती. टेस्टरवर एक ते आठ दिवे क्रमानं लागत होते. तरी वरच्या राउटरचा लॅनचा दिवा मधूनच विझायचा, मोठी फाइल पाठवायला घेतली की हमखास. आता हा टेस्टर फक्त तार सलग आहे का एवढंच सांगतो. कनेक्टर डोळ्यांजवळ धरला तर रंग असे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला किती व्यवस्थित! जोड्या शेजारी शेजारी, दोन्ही टोकांना सारख्या. आणि साफ चूक.

केबलमधल्या तारा जोडीजोडीनं पिळलेल्या असतात, त्या पिळामुळंच शेजारच्या जोडीचा गोंगाट रद्द होतो. नेटवर्क कार्ड तिसऱ्या आणि सहाव्या पिनला एक जोडी समजतं. वरच्या क्रमात तिसऱ्यावर पांढरा-हिरवा आणि सहाव्यावर निळा, म्हणजे दोन वेगळ्या जोड्यांतली एकेक तार. पिळाचा उपयोगच संपला. दोन-तीन मीटरच्या तुकड्यात हे खपून जातं, दोन मजल्यांच्या लांबीत नाही. बरोबर क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकं कापली, पुन्हा क्रिंप केली, दिवा स्थिर. वायरमन मात्र शेवटपर्यंत म्हणत होता, "आम्ही सगळीकडं असंच करतो." तेच तर दुखणं आहे.

वायर घेताना पूर्ण तांब्याची, किमान कॅट ५ई दर्जाची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल वाकवली की तुटते. १०० मेगाबिटला चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. म्हणून एखादी तार ढिली झाली की वेग १०० वर येऊन अडकतो किंवा लिंक सारखी पडते. गच्चीवरून उघडी नेलेली वायर उन्हानं चिरते, पावसाळ्यात कनेक्टरमध्ये हिरवट गंज धरतो, आणि तो जूनमध्ये नाही, गणपतीच्या सुमारास कळतो.

जिन्यात तुटणारा कॉल

याला लोक नेट तुटणं म्हणतात, पण इथं मोबाइलच खालच्या राउटरला चिकटून बसलेला असतो. वर पोचलात तरी त्याला जुनाच सोडवत नाही. आयफोन साधारण उणे ७० डीबीएमपर्यंत (सिग्नलच्या ताकदीचं माप) सिग्नल घसरेपर्यंत दुसरा शोधायलाही लागत नाही. दोन्हीकडं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अगदी एकच ठेवा. एकीकडं डब्ल्यूपीए२ आणि दुसरीकडं डब्ल्यूपीए३ असं नको. खालच्या राउटरची २.४ गिगाहर्ट्‌झची ताकद 'मध्यम' करा. ताकद कमी करा म्हटलं की लोक दचकतात, पण खालचा जितका जोरात ओरडेल तितका फोन त्याला सोडणार नाही.

तपासणी चालू असेपर्यंत मी नावं वेगळी ठेवतो. नाहीतर आपण कुठल्या राउटरवर आहोत हेच कळत नाही.

चॅनल 'ऑटो'वर सोडणं

चॅनल म्हणजे वायफायच्या पट्ट्यातली एकेक वाट. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६, ११. खाली १, वर ६ किंवा ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. फ्लॅटमध्ये ४० लावून वेग वाढत नाही, शेजाऱ्यांशी भांडण वाढतं. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली की राउटर तो चॅनल सोडून पळतो आणि सगळे फोन एका झटक्यात खाली पडतात. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं याच पट्ट्यातलं रडार आहे. ३६ ते ४८ मधला एखादा निवडा आणि निर्धास्त व्हा.

किरकोळ, पण रोजच्या

राउटर गोदरेजच्या कपाटावर, टीव्हीच्या मागं किंवा फिश टँकशेजारी ठेवू नका.

लोंबकळणारं वायरचं दुसरं टोक "रिकामं कशाला" म्हणून त्याच राउटरमध्ये खोचू नका, अख्ख्या घराचं नेट बसतं.

वायर ओढलीय आणि राउटर रिपीटर मोडमध्येही (खालचं वायफाय हवेतून पकडून पुढं पसरवणं) आहे? दोन्हींपैकी एकच ठेवा. वायर.

ड्रॉवरमध्ये सापडलेला अडॅप्टर लावण्याआधी त्यावरचे आकडे वाचा. राउटरला १२ व्होल्ट १ अँपिअर हवं असेल आणि अडॅप्टर अर्ध्या अँपिअरचा असेल, तर दिवे लागतात, पण घरातले सगळे एकदम नेट वापरायला लागले की राउटर स्वतःच बंद होऊन चालू होतो. राउटरच्या पानावर 'अपटाइम' बघा. रात्रीपासून कुणी हात लावलेला नाही आणि अपटाइम वीस मिनिटं दाखवतोय, तर अडॅप्टर बदला.

रोज पहाटे आपोआप रीस्टार्ट होण्याचं टायमर लावून "सोडवलं" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

कंपनीला फोन करताना

पिंगमध्ये फक्त ८.८.८.८ तुटत असेल तरच करा. पलीकडून पहिलं वाक्य "राउटर रीस्टार्ट करा" हेच येणार. करण्याआधी फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल आहे का बघा, त्याचा आणि पिंगच्या खिडकीचा फोटो काढा. लॅपटॉप थेट कंपनीच्या डब्याला वायरनं जोडूनही तुटतंय हे सांगा, नाहीतर "तुमच्या दुसऱ्या राउटरमुळं होतंय, साहेब" म्हणून तक्रार तिथंच बंद करतात.