मदतीची खिडकी बंद करताना या चुका टाळा

ईमॅक्स, व्हिमसारख्या कोड लिहायच्या एडिटरमध्ये मदत, म्हणजे हेल्प, उघडायची कशी, हे सगळे शिकवतात. ती बंद कशी करायची, हे मात्र सांगायचं राहून जातं. माझं मत ठाम आहे: मदतीची खिडकी बंद केल्यावर स्क्रीन आधी होती तशीच दिसली पाहिजे. तोच कोड, कर्सर त्याच ओळीवर, शेजारी तेच आउटपुट. नुसती मदत दिसेनाशी झाली, तर काम अर्धंच झालं.

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रसच्या बाजूला, पोरांना पायथन शिकवताना हे रोज दिसतं. बऱ्याच जणांकडे जुना, लहान स्क्रीनचा लॅपटॉप असतो. गावाकडे जायची एसटी वेळेवर गाठायची असते. अशा वेळी प्रोग्राममध्ये खरी चूक नसताना दहा मिनिटं वाया जाणं परवडत नाही.

ईमॅक्स: क्यू दाबला, पण कुठे?

समजा कापसाच्या चुकाऱ्याचा हिशेब करणारा छोटा प्रोग्राम उघडा आहे. क्विंटल गुणिले भाव, वजा हमाली, आणि शेवटी प्रिंट. एखादी की काय करते हे पाहायला कोणी कंट्रोल-एच आणि मग के दाबून ती की दाबतं. खाली मदतीची खिडकी उघडते. कुणीतरी सांगितलेलं असतं की क्यू दाबला की ती जाते. म्हणून क्यू दाबतात. खिडकी तशीच राहते, आणि कोडमध्ये प्रिंटच्या आधी एक क्यू चिकटतो.

थोड्या वेळानं हाक येते, "सर, सकाळी तं चालत होता, आता काहून नाही चालून राह्यला?" स्क्रीनवर नेमएरर: 'क्यूप्रिंट' नावाचं काही नाही.

कारण साधं आहे. ईमॅक्स मदत दाखवतो, पण कर्सर आपोआप तिथे नेत नाही. तो कोडमध्येच असतो, त्यामुळे क्यू हे अक्षर कोडमध्येच उमटणार. आधी कंट्रोल-एक्स आणि ओ दाबून मदतीच्या खिडकीत जा, मग क्यू दाबा. कायमचा उपाय हवा असेल तर ऑल्ट-एक्स दाबून कस्टमाइझ-व्हेरिएबल चालवा, हेल्प-विंडो-सिलेक्ट हे नाव द्या, किंमत 'ऑलवेज' ठेवा आणि सेव्ह करा. नवशिक्याच्या मशीनवर मी हे पहिल्याच दिवशी करायला लावतो. हे मुळातच असं का नाही, याचं मला पटणारं उत्तर अजून मिळालेलं नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते: मदत घालवायला कंट्रोल-एक्स आणि १ दाबणं, किंवा वैतागून एस्केप तीनदा दाबणं. मदत जाते, पण शेजारी उघडं असलेलं आउटपुटही जातं. या दोन्हींचा अर्थ 'ही खिडकी सोडून बाकी सगळ्या काढ' असा आहे. एकच खिडकी उघडी असताना मदत मागितली असेल तर फरक पडत नाही, म्हणून सवय लागते, आणि दोन खिडक्या असल्या की फटका बसतो.

कंट्रोल-एक्स आणि ० चं प्रकरण बारकाईनं समजून घ्या, कारण ते स्क्रीनच्या आकारावर ठरतं. ईमॅक्स नवी खिडकी करण्याआधी जागा पाहतो. खिडकी ८० ओळींहून कमी उंच आणि १६० अक्षरांहून कमी रुंद असेल, तर तिचे दोन भाग करायला तो तयार नसतो. अपवाद एकच: स्क्रीनवर ती एकटीच खिडकी असेल तर. लहान लॅपटॉपवर वर कोड, खाली आउटपुट अशा दोन खिडक्या असल्या की तिसरी होत नाही. मदत आउटपुटच्याच खिडकीत येऊन बसते. आता तिथे कंट्रोल-एक्स, ० दाबलं तर जी खिडकी जाते ती मुळात आउटपुटची! मोठ्या मॉनिटरवर मात्र तिसरी खिडकी होते आणि तीच बंद होते. म्हणजे शिकवणाऱ्याच्या स्क्रीनवर बरोबर दिसलेली युक्ती पोरांच्या लॅपटॉपवर फसते.

क्यू ही भानगड होऊ देत नाही. मदत नव्या खिडकीत आली होती की जुनी वापरली होती, याची नोंद ईमॅक्स खिडकीसोबत ठेवतो. नवी असेल तर ती काढतो, जुनी असेल तर आधीचा बफर, म्हणजे तिथे आधी उघडा असलेला मजकूर, परत आणतो. मदतीचा मजकूर मागे शिल्लक राहतो. तोही नको असेल तर कंट्रोल-यू दाबून मग क्यू.

मांडणी बिघडून गेलीच असेल, तर विनर-मोड कामाला येतो. तो ईमॅक्ससोबतच येतो, फक्त आधीपासून चालू करून ठेवावा लागतो. मग कंट्रोल-सी आणि डावा बाण दाबला की खिडक्यांची आधीची मांडणी परत.

व्हिम: इथे क्यूचा अर्थ वेगळा

व्हिममध्ये उलट आहे. मदत उघडली की कर्सर तिथेच जातो, म्हणून लगेच कोलन-क्यू दिलं तर फक्त मदत बंद होते. गडबड होते ती मध्येच कोडच्या खिडकीत परत गेल्यावर. तिथून कोलन-क्यू दिलं की ते कोडला लागू होतं. बदल सेव्ह नसतील तर ई-३७ ची सूचना येते. ती न वाचता उद्गारचिन्ह जोडून पुन्हा क्यू दिला, की टाइप केलेलं गेलं. कुठूनही चालणारी कमांड म्हणजे कोलन आणि हेल्पक्लोज. तेवढी एक पाठ करा.

ईमॅक्सच्या सवयीनं नुसता क्यू दाबला तर व्हिम मॅक्रो, म्हणजे पुन्हा चालवता येणारी दाबलेल्या कीजची नोंद, रेकॉर्ड करायची तयारी करतो. खाली 'रेकॉर्डिंग' दिसलं तर पुन्हा एकदा क्यू दाबून थांबवा. आणि घाईत कोलनच्या आधी क्यू दाबला गेला, तर खाली जुन्या कमांडची एक वेगळीच खिडकी उघडते. घाबरू नका राजेहो, तिथे कोलन-क्यू दिलं की तीही जाते. एस्केपऐवजी बोट एफ-१ वर पडलं तरी मदत उघडते, तिचाही उपाय तोच.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे कंटाळून टर्मिनलच बंद करणं. पुढच्या वेळी फाइल उघडताना ई-३२५ ची लांबलचक सूचना येते, कारण स्वॅप फाइल, म्हणजे चालू बदल जपणारी तात्पुरती फाइल, मागे राहिलेली असते. लाइट गेल्यावर डेस्कटॉप बंद पडला तरी हेच होतं, आणि आपल्याकडे ते नवीन नाही. स्वॅप फाइल डोळे मिटून काढू नका. आधी रिकव्हर निवडा, मजकूर तपासून सेव्ह करा, मगच ती काढा.

टर्मिनल आणि व्हीएस कोड

पायथनच्या प्रॉम्प्टवर हेल्प चालवलं आणि खाली 'एंड' किंवा नुसतं कोलन दिसतंय, म्हणजे तुम्ही पेजरमध्ये, लांब मजकूर पानापानानं दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, आहात. इथे नुसता क्यू दाबा. मॅन (कमांडची माहिती) आणि गिट लॉग (कोडमधल्या बदलांची यादी) यांनाही हेच लागू. कंट्रोल-झेडनं काम संपत नाही, फक्त थांबून मागे पडून राहतं.

व्हीएस कोड या एडिटरमध्ये तरंगत्या चौकटी एस्केपनं जातात. सुचवलेल्या शब्दांची यादी उघडी असताना एंटर दाबू नका. नवी ओळ मिळायच्या ऐवजी भलताच शब्द कोडमध्ये बसतो. आधी एस्केप.

स्वतः प्लगइन लिहित असाल तर

आपल्याकडची काही पोरं आता प्लगइन, म्हणजे एडिटरला जोडायच्या स्वतःच्या कमांड, लिहू लागली आहेत, म्हणून हे सांगतो. ईमॅक्ससाठी मदत दाखवायची असेल तर विथ-हेल्प-विंडो वापरा, किंवा स्पेशल-मोडवरून स्वतःचा मोड काढा. क्यू आपोआप नीट चालतो. बंद करण्यासाठी डिलीट-विंडो लिहू नका, क्विट-विंडो लिहा. व्हिममध्ये तात्पुरत्या बफरला बफटाइप नोफाइल आणि बफहिडन वाइप ठेवा, म्हणजे तो सेव्ह करायचा का, असा प्रश्न येत नाही. क्यूवर बंद करण्याची मॅपिंग, म्हणजे कीला काम जोडणं, द्यायची तर ती त्या बफरपुरतीच द्या, नाहीतर वापरणाऱ्याची मॅक्रोची सोय सगळीकडे जाते. आणि तपासताना एडिटरची खिडकी मुद्दाम लहान करा, शेजारी आउटपुट उघडं ठेवा, मग मदत उघडून बंद करून बघा.