वाळूत तंबूची खुंटी टिकत नसेल तर

मिशिगन सरोवराकाठी वॉरन ड्यून्स किंवा लडिंग्टन स्टेट पार्कच्या किनाऱ्यावर सावलीचा तंबू लावला, की वाऱ्याच्या पहिल्याच झोताला खुंट्या भुसभुशीत वाळूतून उपटतात. त्या गाडीतच राहू द्या. किराण्याच्या चार कापडी पिशव्या न्या.

१. पिशवीत पाऊण भाग वाळू भरा, तोंड आवळून तिथेच तणावाची दोरी बांधा.
२. दोरी ४५ अंशांत तिरकी जाईल इतक्या अंतरावर दीड फूट खड्डा खणून पिशवी पुरा.
३. वर पाणी ओतून पायाने चेपा. कोरडी वाळू नुसती लोटली तर दोरी हळूहळू सैल पडते.

टेकड्यांवरच्या गवतात मात्र खणू नका, वाळू त्याच्याच मुळांनी धरलेली असते. निघताना खड्डे बुजवा. पोरं पळताना अडखळतात.