त्वचेसाठी खाणं बदलताय? आधी एक वही घ्या

चेहऱ्यावर फोड आला की आपण कालच्या जेवणावर खापर फोडतो. पण मुरुम वर दिसण्याआधी बरेच दिवस त्वचेच्या आत तयार होत असतो. म्हणून एका वेळी एकच बदल करा आणि त्याला 8 ते 12 आठवडे द्या.

सुरुवात साखर घातलेली पेयं आणि मैद्यापासून करा. यांनी रक्तातली साखर झपाट्याने चढते, त्यामागे इन्सुलिन वाढतं आणि त्वचेतल्या तेलग्रंथींना जोर येतो. वहीत रोज एक ओळ पुरे: काय खाल्लं, झोप किती झाली, हनुवटीवर नवे फोड किती. पाळीची तारीखही लिहाच, कारण पाळीआधी अनेकींना तसेही फोड येतात. दुधाने काहींचा त्रास वाढतो, सगळ्यांचा नाही. तुमचं काय ते वहीत दिसेल.

मात्र घाबरून सगळंच बंद करू नका. त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, बनायला प्रथिनं आणि क जीवनसत्त्व दोन्ही लागतात. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या तर मनाने अजिबात नकोत. जास्त झाल्या की ओठ फुटतात, त्वचा कोरडी पडते. आणि फोड खोल, दुखरे असतील, खड्डे पडत असतील, तर वही घेऊन थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.