तुटक्या पेल्यातून आइन्स्टाइन वलय: दीर्घिका प्रकाश कशा वळवतात, हे घरी पाहण्याची रीत

‘गुरुत्वीय भिंग’ हा शब्द मराठीत रुळला आहे: दूरच्या वस्तूचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतल्या जड वस्तूच्या, बहुधा एखाद्या दीर्घिकेच्या (अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाच्या), गुरुत्वाकर्षणाने वळतो, ते हे भिंग. पण त्यातील ‘भिंग’ ऐकताच पंचांगातील बारीक अक्षरे वाचण्यासाठी आजोबा वापरत ते भिंग डोळ्यांसमोर येते आणि समजुतीचा घोटाळा तेथेच सुरू होतो. वाचण्याचे भिंग मध्यभागातून जाणारा किरण जवळजवळ सरळ जाऊ देते आणि कडेच्या किरणांना अधिकाधिक वळवते, म्हणून सगळे किरण एका बिंदूत गोळा होतात. वस्तुमानामुळे होणारे वळण याच्या उलट क्रमाने चालते: वस्तुमानाच्या जवळून जाणारा किरण जास्त वळतो, लांबून जाणारा कमी. त्यामुळे येथे सगळे किरण गोळा होतील असा एक बिंदू नसतोच, आणि मागची वस्तू नुसती मोठी न दिसता ताणली जाते, वाकते, एकाच्या ठिकाणी दोन किंवा चार दिसते. हा फरक वाचून पटत नाही, पाहून पटतो, असा माझा अनुभव आहे; म्हणून आकृती काढण्याआधी पुढील प्रयोग करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रयोगासाठी लांब दांड्याचा काचेचा पेला लागतो. नवा पेला मुद्दाम फोडण्याचे कारण नाही; दांडा तुटलेला पेला कोणाकडे तरी निघतोच. आपल्याला त्याची फक्त गोल बैठक हवी आहे. बैठकीची काच दांड्यापाशी जाड असून बाहेरच्या कडेकडे पातळ होत जाते, आणि तिचा उतार दांड्यालगत तीव्र व पुढे मंद असतो. गुरुत्वीय भिंगाची नक्कल करण्यासाठी नेमका असाच आकार लागतो. तुटलेला दांडा बैठकीपासून अर्धा-एक सेंटिमीटर ठेवून काच कापणाऱ्या कारागिराकडून कापून घ्यावा. घरी कापण्याचा प्रयत्न मी एकदा केला आणि बैठकीचेच दोन तुकडे झाले, तेव्हा तो मोह टाळावा. कापलेला भाग बारीक पॉलिशपेपरने पाण्याखाली घासून बोथट करावा आणि घासताना हातमोजे व चष्मा वापरावा. पॉलिशपेपर पुण्यात बोहरी आळीत मिळतो. पुढे लागणारा काळा कार्डपेपर अप्पा बळवंत चौकात मिळतो.

पांढऱ्या कागदावर निळ्या मार्करने तीन-चार मिलिमीटरचा भरीव ठिपका काढावा. हा ठिपका म्हणजे मागची, फार दूरची दीर्घिका. काचेची बैठक म्हणजे वाटेतली दीर्घिका. आणि आपला डोळा म्हणजे पृथ्वीवरची दुर्बीण. कागद टेबलावर ठेवून बैठक आधी थेट ठिपक्यावर ठेवावी. काहीच घडणार नाही, आणि हे ‘काहीच न घडणे’ महत्त्वाचे आहे, कारण वळलेल्या किरणाला सरकायला अंतरच मिळालेले नसते. आता एक डोळा मिटून बैठक कागदाला समांतर ठेवत हळूहळू वर उचलावी आणि दांड्याचा खुंट ठिपक्याच्या बरोबर वर राहील याची काळजी घ्यावी. साधारण पंधरा-वीस सेंटिमीटर उंचीवर ठिपका दिसेनासा होऊन खुंटाभोवती निळे कडे उमटते. हेच आइन्स्टाइन वलय. बैठक आणखी वर नेली की वलय मोठे होते. खऱ्या आकाशातही वलयाचा आकार दोन्ही दीर्घिकांच्या अंतरांवर असाच अवलंबून असतो.

यानंतर बैठक दोन-तीन मिलिमीटर एका बाजूला सरकवावी. वलय तुटते आणि त्याच्या जागी दोन कमानी उरतात: ठिपका ज्या बाजूला आहे त्या बाजूची लांब आणि खुंटापासून दूर, समोरच्या बाजूची आखूड आणि खुंटाला चिकटून. ही जोडी नीट लक्षात ठेवावी, कारण पुढे छायाचित्रांमध्ये आपण तीच शोधणार आहोत. सर्वात सुंदर भाग मात्र बैठक थोडी कलती केल्यावर येतो. समांतरपणा मोडला की वलयाचे चार तुकडे होतात आणि खुंटाभोवती चार निळे ठिपके उभे राहतात. माझ्या भाचीने हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा तिने कागद उचलून मागे खरोखर चार ठिपके आहेत का, हे तपासले होते. काच कलती करणे म्हणजे वाटेतली दीर्घिका पूर्ण गोल नसून लांबट असणे. आणि बहुतेक दीर्घिका थोड्याफार लांबट असतातच. १९८५ साली सापडलेल्या ‘आइन्स्टाइन क्रॉस’मध्ये एकाच क्वासारच्या (फार दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याच्या) चार प्रतिमा जवळच्या एका दीर्घिकेच्या गाभ्याभोवती दिसतात, त्या याच कारणाने.

येथे एक सावधगिरी हवी. काच प्रकाश वळवते ती काचेत प्रकाशाचा वेग कमी होतो म्हणून, आणि हा परिणाम रंगागणिक वेगळा असतो. ठिपक्याऐवजी काळ्या कार्डपेपरला टाचणीने भोक पाडून मागे मोबाइलचा दिवा लावला तर वलयाच्या कडांना रंगीत झालर दिसू शकते. गुरुत्वाकर्षणात ही झालर नसते. तेथे वस्तुमानामुळे अवकाश-काल वक्र होतो आणि त्या वक्रतेतून प्रत्येक रंगाचा प्रकाश, इतकेच काय रेडिओ लहरीही, सारख्याच वळतात. म्हणून एकाच वस्तूच्या सर्व प्रतिमांचा रंग साधारण सारखा असतो.

आता आकड्यांकडे वळू. वस्तुमान दुप्पट तर वळण दुप्पट, आणि किरण दुप्पट लांबून गेला तर वळण निम्मे, एवढा हिशोब प्राथमिक अंदाजाला पुरतो. सूर्याच्या कडेला घासून जाणारा किरण १.७५ विकला वळतो; २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजले. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, म्हणजे रुपयाचे नाणे साधारण चार-साडेचार किलोमीटरवरून जेवढे दिसेल तेवढा कोन. एखाद्या ताऱ्याने दुसऱ्या ताऱ्याचे वलय केले तरी ते दिसण्याची फारशी आशा नाही, असे आइन्स्टाइनने १९३६ मध्ये लिहिले होते. पुढच्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी दाखवून दिले की तारे सोडा, दीर्घिकांकडे पाहा: त्यांचे वस्तुमान इतके प्रचंड असते की प्रतिमांमधील अंतर दुर्बिणीच्या आवाक्यात येते. तरीही पहिले उदाहरण सापडायला १९७९ साल उजाडले. वॉल्श, कार्सवेल आणि वायमन या खगोलशास्त्रज्ञांना सप्तर्षीत ६ विकला अंतरावर दोन क्वासार दिसले आणि त्यांचे वर्णपट (प्रकाश रंगांत विभागून मिळणारे पट्टे) जुळ्यांसारखे निघाले. दोन्ही प्रतिमांचा प्रकाश वेगवेगळ्या वाटांनी येतो, म्हणून एका प्रतिमेत दिसलेला चढउतार दुसरीत सुमारे ४१७ दिवसांनी दिसतो.

वलयाची त्रिज्या मोजली आणि दोन्ही अंतरे माहीत असली की वलयाच्या आतले एकूण वस्तुमान काढता येते, आणि ते नुसत्या ताऱ्यांच्या उजेडावरून केलेल्या अंदाजापेक्षा सहसा जास्त भरते. कृष्णद्रव्याचे, म्हणजे न दिसणाऱ्या पण वस्तुमान असलेल्या द्रव्याचे, वजन करण्याचा इतका सरळ मार्ग दुसरा क्वचितच असेल. भिंगाचा दुसरा उपयोग पुण्याच्या अगदी जवळ झालेला आहे. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. २०२३ च्या सुरुवातीला जाहीर झालेल्या संशोधनानुसार, या दुर्बिणीने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजन वायूचा रेडिओ संकेत एका दूरच्या दीर्घिकेकडून टिपला. मधल्या दीर्घिकेने तो सुमारे ३० पट वाढवला होता म्हणूनच तो हाती लागला. राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला आणि पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेतही सर्वसामान्यांना जाता येते. त्या दिवशी रांगेत उभे राहण्याची तयारी ठेवून जरूर जावे.

पेल्यावर नजर तयार झाली की खऱ्या छायाचित्रांकडे जावे. आयुकातील संशोधक अनुप्रीता मोरे यांचा सहभाग असलेल्या ‘स्पेस वॉर्प्स’ या प्रकल्पात २०१३ पासून हजारो हौशी माणसांनी अशी भिंगे शोधली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांनी सुरुवात आपल्यासारखीच शून्यातून केली. चित्रात आधी पिवळसर किंवा तांबूस, गुळगुळीत, लंबवर्तुळाकार दीर्घिका शोधावी, कारण जड आणि म्हणून चांगले भिंग ठरणाऱ्या दीर्घिका बहुधा अशाच असतात. तिच्याभोवती निळसर कमान दिसली तर कमानीची पोकळ बाजू दीर्घिकेकडे आहे ना, ते पाहावे. मग समोरच्या बाजूला, अधिक जवळ, त्याच रंगाची आखूड प्रतिमा शोधावी. ही दुसरी खूण सापडली नाही तर मी स्वतः उमेदवार बाजूला ठेवतो, कारण कमानी डोळ्याला फार फसवतात. सर्पिल दीर्घिकेचा एखादा फाटा, एकमेकींवर आदळणाऱ्या दोन दीर्घिकांची शेपटी, चित्र घेताना समोरून गेलेल्या उपग्रहाची रेघ, या सगळ्या पहिल्या नजरेत कमानीच वाटतात.

पूर्ण वलय दिसले तरी घाई करू नये. खगोलशास्त्रज्ञ आर्थर होग यांना १९५० मध्ये पिवळ्या गाभ्याभोवती जवळजवळ निर्दोष वलय सापडले आणि हे गुरुत्वीय भिंग असावे का, असा प्रश्न त्यांनीच विचारला. पुढे वर्णपट घेतल्यावर गाभा आणि वलय एकाच अंतरावर निघाले. म्हणजे ती एकच, वेगळ्या घडणीची दीर्घिका होती. भिंगाला पुढे एक आणि मागे एक अशा दोन वस्तू लागतात, आणि त्यांची ताम्रसृती (दूरच्या वस्तूचा प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकणे; हे अंतराबरोबर वाढते) वेगवेगळी असल्याचे वर्णपटातून दिसावे लागते. तोवर आपल्या वहीत त्या नोंदीसमोर ‘संभाव्य’ असेच लिहावे, आणि शेजारी कमानीचा रंग, बाजू आणि समोरच्या प्रतिमेची जागा दाखवणारे पेन्सिलचे छोटे चित्र काढून ठेवावे.