एड लेटर वाचताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या कॉलेजचं एड लेटर, म्हणजे आर्थिक मदतीचं पत्र, आलं की नजर आधी तळाच्या बेरजेवर जाते, आणि घोळ तिथेच होतो. फुकट मिळणारे पैसे, फेडायचं कर्ज आणि अजून कमवायचा पगार, सगळं तिथे एकाच रांगेत मांडलेलं असतं.

समजा कॉस्ट ऑफ अटेंडन्स, म्हणजे वर्षाचा एकूण अंदाजे खर्च, ६०,००० डॉलर आहे. ग्रँट (परत न करायची मदत) २२,०००, डायरेक्ट सबसिडाइज्ड ३,५०० आणि डायरेक्ट अनसबसिडाइज्ड २,००० ही दोन सरकारी कर्जं, वर्क-स्टडी (शिकताना काम करून कमवायचा पगार) २,५००. बेरीज ३०,०००. अर्धा खर्च सुटला असं वाटतं. सुटले फक्त २२,०००. खर्चातून निव्वळ ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा केल्यावर उरलेले ३८,००० ही खरी नेट प्राइस. दोन कॉलेजांची तुलना याच आकड्याने करा. काही पत्रांत कर्जही वजा करून 'नेट' आकडा छापतात, म्हणून वजाबाकी स्वतः करा. कर्जाच्या ओळीत 'लोन' हा शब्द असेलच असंही नाही. नुसतं 'सब', 'अनसब' लिहून मोकळे होतात.

या दोन्हींत फरक व्याजाचा. किमान अर्धवेळ शिकत असेपर्यंत आणि पुढचे ६ महिने सबसिडाइज्डचं व्याज सरकार भरतं. अनसबसिडाइज्डचं व्याज पैसे कॉलेजात जमा झाल्यापासून चढू लागतं. म्हणून आधी सब घ्या, अनसब लागेल तेवढंच. पत्रातली पूर्ण रक्कम स्वीकारायची सक्ती नसते. शिवाय साधारण १ टक्का फी आधीच कापली जाते, त्यामुळे ५,५०० मंजूर झाले तरी बिलात जमा होतात सुमारे ५,४४०.

वर्क-स्टडीचे पैसे बिलातून वजा होत नाहीत. कॅम्पसवर काम शोधायचं, तास भरायचे, मग पगार. काम मिळेलच याची हमी नाही, तेव्हा पहिल्या सेमिस्टरची फी भरताना ते २,५०० धरूच नका. उलट बाजूने, कॉस्ट ऑफ अटेंडन्स म्हणजेही बिल नव्हे. पुस्तकं, प्रवास, वरखर्च हे त्यातले अंदाज आहेत, आणि तिथे काटकसरीला वाव असतो.

फाफ्सा (फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज) भरल्यावर येणारा एसएआय (स्टुडंट एड इंडेक्स) हा आकडा म्हणजे 'आपण एवढेच भरायचे' असं समजू नका. ती गरज मोजायची पट्टी आहे. तो उणे १,५०० पर्यंतही जातो. उरलेली गरज कॉलेज पूर्ण भागवेलच असं नाही. दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की पूर्वी ईएफसी (एसएआयच्या आधीचा तसाच आकडा) विभागला जाई. २०२४-२५ पासून आलेल्या एसएआयमध्ये ती सोय नाही. मोठ्या भावंडाच्या वेळचा हिशेब इथे चालत नाही.

एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांचा) व्हिसावर असलेल्या विद्यार्थ्याला फेडरल मदत मिळत नाही. पण मूल नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर आईवडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असल्याने काही अडत नाही. 'आपल्याला लागू नाही' म्हणून फाफ्सा सोडून देणारी घरं इथेच फसतात.

स्कॉलरशिप दरवर्षी चालू राहते का, आणि किती जीपीएला (सरासरी गुणांना) बंद होते, हे लेखी विचारा. बाहेरची स्कॉलरशिप मिळाली तर कॉलेजला कळवावीच लागते. ती आल्यावर आधी कर्ज कमी करणार की ग्रँट, हा प्रश्नही त्याच ईमेलमध्ये घाला.